आपल्या माणसाविषयी सम्यक वाचा

शत्रूविषयी खरे लिहिणे अधिक कठीण की आपल्या घरच्या माणसाविषयी? शत्रूविषयी लिहिताना आपण निदान सावध असतो. चूक झाली तर तो ती चारचौघांत दाखवून देईल, ही धास्ती असते. घरच्या माणसाविषयी लिहिताना ती धास्ती नसते. ऐकणारे सारे आपलेच असतात आणि ते मान डोलावतात.

हा प्रश्न मला पडला तो एका साध्या कारणाने. इंटरनेटवर विकिपीडिया नावाचा ज्ञानकोश आहे. तो २००१ साली इंग्रजीत सुरू झाला आणि १ मे २००३ पासून मराठीतही आहे. केतकरांचा ज्ञानकोश किंवा वाईचा विश्वकोश विद्वानांनी लिहिला. हा मात्र तुम्हीआम्ही कोणीही लिहू शकतो. माझ्या वर्गातील मुले गृहपाठाची माहिती तेथूनच उतरवून आणतात, म्हणून मीही तो पाहू लागले. त्यात आमच्या वऱ्हाडातील गावाचे पान सापडले. लोकसंख्या होती, पिके होती, देऊळ आणि त्याची यात्रा होती. आमच्या वस्तीविषयी एक अक्षर नव्हते. मी त्याच रात्री एक परिच्छेद लिहिला. गावातील थोर समाजसेवक, झुंजार भीमसैनिक, माझे आजोबा यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेतली, गावात धम्माचा दीप लावला आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला, असा तो मजकूर होता. आजोबांचे नाव पूर्ण दिले होते. माझे नाते मात्र कोठेच सांगितले नव्हते.

आठ दिवसांनी पाहते तो दीक्षेच्या वाक्यापुढे कोणीतरी दोन शब्द लावून ठेवले होते : संदर्भ हवा.

खरे सांगते, मला राग आला. आम्हाला पुरावा मागणारे हे कोण? ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्याकडे छापील संदर्भ मागणे हा न्याय कुठला? गावच्या यात्रेचा संदर्भ सहज मिळतो, कारण तिच्यावर लिहिणारे शिकलेले होते आणि छापखाने त्यांच्या माणसांचे होते. आमच्या वस्तीतील बाई पाण्यासाठी किती कोस गेली, याची नोंद कोणत्या दप्तरात आहे? बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले, ते इतरांच्या पत्रांत आपल्याला जागा नव्हती म्हणूनच.

हा राग खोटा नव्हता. आजही मी त्याला खोटा म्हणणार नाही. ज्ञानकोशाचा नियम असा की, आधी प्रसिद्ध झालेल्या विश्वासार्ह साधनाचा आधार देता आला तरच लिहावे; स्वतःचे संशोधन तेथे घालू नये; आणि विशेषणे न लावता तटस्थपणे लिहावे. नियम सर्वांना सारखा आहे. पण ज्याच्या घरी ग्रंथ होते आणि ज्याच्या घरी नव्हते, त्या दोघांवर त्याचे ओझे सारखे पडत नाही.

तरीही रागाच्या भरात का होईना, मी संदर्भ शोधायला निघाले. ‘दाखवतेच यांना’ असा आवेश होता.

एक छापील आधार लगेच मिळाला. धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २००६ साली आमच्या विहाराने एक स्मरणिका काढली होती. तीत आजोबांच्या नागपूरच्या दीक्षेचे वाक्य जसेच्या तसे होते. विहारातील फलकावरही तेच आहे. मी आनंदाने मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, विचारले की स्मरणिकेतला मजकूर कोणी लिहिला? ते म्हणाले, “मीच सांगितला होता.” तुम्हाला कोणी सांगितले? “फलकावर आहे ना!” फलकाचा मजकूर कोणी दिला? मोठेबाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सारेच म्हणत, वं.” आजोबा स्वतः तसे कधी म्हणाले होते का, हे त्यांना आठवेना.

मज्झिम निकायात चंकी सुत्त आहे. कोसल देशातील ओपासाद गावी कापठिक नावाचा सोळा वर्षांचा हुशार ब्राह्मण तरुण तथागतांना विचारतो की, आमचे ब्राह्मण परंपरेने चालत आलेले मंत्र हेच सत्य म्हणतात, त्यावर आपले काय म्हणणे आहे? तथागत उलट विचारतात की, हे मी स्वतः जाणतो, मी पाहिले आहे, असे म्हणणारा त्यांच्यात एक तरी आहे काय? त्यांच्या गुरूंत, गुरूंच्या गुरूंत, सात पिढ्यांत? नाही. मग तथागत एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टांत देतात. पहिल्याला दिसत नाही, मधल्याला नाही, शेवटच्यालाही नाही.

हा दृष्टांत आपण व्याख्यानांतून नेहमी वेदांविरुद्ध वापरतो. मीही वापरला आहे. पण स्वतःच्या घरातील रांगेकडे पाहण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली. मोठेबाबा फलकाला धरून, स्मरणिका मोठेबाबांना धरून, आणि मी स्मरणिकेला धरून चालले होते. आमची रांग तर वर्तुळाकार होती.

पुढे जे झाले ते लिहायला मला जड जाते. घरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची जमाखर्चाची वही मिळाली. आजोबा चौथी शिकलेले. मी त्यांना पाहिलेले नाही, पण त्यांचे अक्षर वळणदार आहे. वस्तीच्या वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडे असे. १९५६ च्या पानावर नागपूरला गेलेल्या अकरा जणांची नावे आहेत आणि प्रत्येकापुढे प्रवासखर्चाची रक्कम आहे. खाली एकूण बेरीज आणि आजोबांची सही आहे. त्या अकरांत आजोबांचे नाव नाही. काही पाने उलटल्यावर १९५७ च्या वैशाखातील गावच्या दीक्षा-समारंभाचा खर्च येतो : पांढरे कापड, मेणबत्त्या, पेट्रोमॅक्सचे भाडे. त्यापुढे दीक्षा घेणाऱ्यांची यादी आहे, आणि तीत आजोबांचे नाव आहे.

ते नागपूरला का गेले नाहीत, हे वहीत नाही. मनात अनेक कारणे आली, आणि सगळीच आजोबांना शोभणारी होती. इतरांना जाता यावे म्हणून त्यांनी आपला वाटा सोडला असेल, वगैरे. मी त्यातले एकही कागदावर उतरवले नाही. एक दंतकथा पुसून तिच्या जागी दुसरी लिहिण्यात काय अर्थ?

आता खरा पेच पाहा. ज्ञानकोशाच्या दृष्टीने वही अप्रकाशित आहे, म्हणून तिचा आधार चालत नाही. स्मरणिका छापील आहे. ती दाखवली असती तर ‘संदर्भ हवा’ हे शब्द बहुधा गेले असते. तिच्यातील मजकूर कोठून आला, हे गावाबाहेरच्या माणसाला कधीच कळले नसते. म्हणजे पडताळता येण्याजोगे होते ते खोटे, आणि खरे होते ते पडताळता येण्याजोगे नव्हते. तथागतांनी त्याच सुत्तात सांगितले आहे की, श्रद्धा, आवड, परंपरेने ऐकलेले, तर्काने जुळवलेले, विचारांती पटलेले, या पाचही गोष्टींचा परिणाम दोन्ही तऱ्हेचा होऊ शकतो. चांगले ऐकलेले पोकळ निघू शकते. न ऐकलेले खरे निघू शकते. हे मी विद्यापीठात असताना परीक्षेसाठी पाठ केले होते. पेटीसमोर बसल्यावर त्याचा अर्थ कळला.

कोणी म्हणेल, एवढे काय बिघडते? आजोबांनी दीक्षा तर घेतलीच ना? सहा-सात महिन्यांचा फरक, आणि आपल्या समाजाच्या मानासाठी केलेली थोडी वाढ. माझ्या एका सहकारी शिक्षकांनी, जे स्वतः निष्ठावान उपासक आहेत, मला हेच सांगितले. त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही. ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांनी तो ठसठशीत लिहिला तर त्यात वावगे काय, ही भावना मला समजते. पण मग देवळाच्या माहात्म्यात जे लिहिलेले असते, त्याला आपण कोणत्या तोंडाने हसावे?

आणि बाबासाहेबांनी काय केले? सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला, ही कथा साऱ्या बौद्ध जगात पूज्य आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे काहीच पाहिले नसेल हे बुद्धीला पटत नाही, म्हणून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा कलह त्यांनी पुढे मांडला. साक्षात तथागतांच्या चरित्राला त्यांनी ही कसोटी लावली. स्वतः तथागतही वीमंसक सुत्तात भिक्खूंना सांगतात की, तथागताचीच परीक्षा करून पाहा. माझे आजोबा त्यांच्याहून मोठे नव्हेत.

नात्याच्या बाबतीत तर तथागतांनी सवलत दिलेलीच नाही. राहुल हा त्यांचा मुलगा. त्याला उपदेश करताना ते भांड्यात तळाशी उरलेले थोडेसे पाणी दाखवतात आणि सांगतात की, जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेच उरते. मग ते पाणी फेकून देतात आणि भांडे पालथे करतात. थट्टेतही खोटे बोलणार नाही, असे शिकण्यास त्याला सांगतात. पहाटे पंचशील म्हणताना चौथे शील आपण किती भरभर म्हणून टाकतो!

मी काय केले ते सांगते. प्रथम विशेषणे काढली. ‘थोर’ गेले, ‘झुंजार’ गेले, ‘धम्माचा दीप’ गेला. दीक्षेचे वाक्य पूर्ण काढले. त्या पानाच्या चर्चापानावर लिहिले की, ज्यांच्याविषयी हा मजकूर आहे त्यांची मी नात आहे, म्हणून यापुढे मी स्वतः बदल करणार नाही. इतरांनी तपासून करावेत. नातेवाइकाने असे उघड सांगून बाजूला राहावे, अशीच तेथे अपेक्षा असते. सत्याग्रहाचे वाक्य मात्र राहिले. ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आमच्या तालुक्यातून तुरुंगात गेलेल्यांची यादी आमच्याशी काही नाते नसलेल्या एका कार्यकर्त्याने पुस्तिकेत छापली आहे, आणि तीत आजोबांचे नाव आहे. एका ओळीचे ते कोरडे वाक्य आहे. मी ते किती वेळा वाचले, काय सांगू! पूर्वीचा फुलवलेला परिच्छेद मी दुसऱ्यांदाही वाचला नव्हता.

रागाने विचारलेला पहिला प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. आमच्याकडे कागद नाहीत त्याचे काय? याचे उत्तर नियम वाकवण्यात आहे असे मला आता वाटत नाही. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेब हयात असतानाच, १९५२ साली, त्यांच्या चरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि कागद-पत्रे जमवण्यात आयुष्य घालवले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी बसून, त्यांच्या तोंडून ऐकलेले लिहून घेतले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ छापले. ते झाले नसते तर त्यातील कितीतरी बायांची नावे आज ‘संदर्भ हवा’ या दोन शब्दांपुढे थांबली असती. तुमच्याही वस्तीत जमाखर्चाच्या वह्या असतील, वर्गणीच्या पावत्या असतील, लग्नपत्रिका असतील. वाळवी लागण्यापूर्वी त्यांचे फोटो काढा. म्हातारी माणसे बोलतील ते तारीख घालून लिहून ठेवा, आणि ‘अमुक असे सांगतात’ असेच लिहा, ‘असे घडले’ असे नव्हे. तथागत यालाच सत्याचे रक्षण म्हणतात. माझी अशी श्रद्धा आहे म्हणावे, मी असे ऐकले आहे म्हणावे, पण हेच सत्य असा निर्वाळा तेवढ्यावर देऊ नये.

या लेखात आजोबांचे नाव मी दिलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. उद्या कोणी या पाक्षिकाचा आधार दाखवून ते वाक्य परत लिहू नये म्हणून. नातीचा लेख हा पुरावा होत नाही.

मोठेबाबांना सांगणे सर्वांत अवघड गेले. ते म्हणाले, “काय वं, आमचा बाप खोटा होता का?” मी म्हटले, “नाही मोठेबाबा, त्यांनी तर नागपूरला गेलेल्यांत आपलं नाव लिहिलंच नाही. खोटं आपण बोललो.” ते उठून ओसरीवर गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून १९५७ ची यादी मी वाचून दाखवली. त्या यादीत बायांची नावेही स्वतंत्र लिहिलेली आहेत. आजोबांच्या नावाखाली आजीचे नाव आहे. ‘अमक्याची बायको’ असे नाही, तिचे स्वतःचे. फलकावर ते नाही, स्मरणिकेतही नाही. नागपूरच्या कथेत तिला जागाच नव्हती.

मोठेबाबांनी ते नाव मला पुन्हा वाचायला लावले. फलक अजून तसाच आहे. तो बदलायचा की नाही, हे विहाराच्या पंचमंडळाने ठरवायचे आहे आणि येत्या पौर्णिमेच्या बैठकीत तो विषय आहे. मोठेबाबा बाजूने बोलतील की विरुद्ध, हे त्यांनी मला सांगितलेले नाही. वही मात्र त्यांनी परत दिलेली नाही.