घट्ट म्हणजे किती घट्ट?

धाकट्या बहिणीच्या सायकलचं हँडल दर महिन्याला मी आवळायचो. ती बेगडेवाडीहून तळेगावला कॉलेजला सायकलने जाते. जुना मुंबई-पुणे हायवे, शेजारून ट्रक. त्यामुळे ॲलन की हातात घेतली की मनात एकच यायचं: अजून थोडं.

एका रविवारी त्या ‘अजून थोड्या’त बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. बाहेरून लोणावळा लोकल गेली. मी तुकड्याकडे बघत बसलो. एक बोल्ट घरात तुटला होता. उरलेले तीन मी याच हाताने, याच काळजीने आवळले होते आणि त्यांच्या भरवशावर ती रोज ट्रकांशेजारून जात होती.

स्टेमवर आकडा छापलेला होता: ५ न्यूटन मीटर. म्हणजे एक मीटरच्या हलक्या दांड्याच्या टोकाला अर्धा किलो साखर टांगल्यावर पडेल तेवढाच पीळ. बोल्ट आवळला की किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच पकड धरतो. हद्दीबाहेर ताणला तर पूर्वपदावर येत नाही. वरून मात्र घट्टच दिसतो.

मग २ ते २० न्यूटन मीटरचा टॉर्क रेंच घेतला. गाडीच्या चाकांचा मोठा रेंच इथे चालत नाही, ५ हा आकडा बहुधा त्यावर नसतोच. आकडा लावायचा, मूठ धरून सावकाश ओढायचं, ‘टक’ झालं की थांबायचं. चारही बोल्ट आळीपाळीने, तिरक्या क्रमाने. बोल्ट सोडवायला तो वापरायचा नाही, आणि काम झालं की सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचा.

आमच्या सायकलवाल्या काकांकडे असलं काही नाही, तरी त्यांचं काम चुकत नाही. कारण चुकलं की गिऱ्हाईक संध्याकाळी दारात उभं राहतं. बोलणी खात खात त्यांचा हात मापात आला. माझ्या हाताला चूक दाखवणारं कुणी नव्हतं. बहीण तर “दादा, मस्त झालं” म्हणायची. हेतू चांगला असला की माप लागत नाही, असं मी धरून चाललो होतो. खरं तर मी माझी भीती आवळत होतो आणि तिला काळजी म्हणत होतो.

चारही बोल्ट नवीन बसवले. पहिलं ‘टक’ झालं तेव्हा मला ते सैलच वाटलं. हात पुढे जाऊ बघत होता. थांबलो.

संध्याकाळी तुटका बोल्ट बहिणीला दाखवला, खरं काय ते सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने रेंच उचलून बघितला आणि म्हणाली, “मला शिकव. माझं हँडल मी आवळीन.”

इतक्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.