पाहणाऱ्याचे ऋण



नाताळच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या कितीतरी घरांत परदेशातली माणसे येतात. कोणी आखातात नोकरीला असतो, कोणी बोटीवर, कोणी कॅनडा-ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला. पूर्वी ही मंडळी आली की नातेवाइकांकडे जेवण आणि एखादे लग्न एवढाच कार्यक्रम असे. आता त्यांच्यातले पुष्कळजण, विशेषतः तरुण, पाठीवर पिशवी टाकून एकटेच निघतात. घारापुरी, रायगड, जंजिरा, चौल-रेवदंडा, कोर्लई. टूर नको, गाईड नको, आपल्या मनाप्रमाणे पाहायचे. ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या वाडवडिलांच्या भूमीचा इतिहास पाहावासा वाटणे हे मन जागे असल्याचे लक्षण आहे. परंतु या निमित्ताने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. तिकीट काढले, कुणाला त्रास दिला नाही, कचरा टाकला नाही, म्हणजे आपले कर्तव्य संपले का? की पाहणाऱ्यावर त्या जागेचे आणखी काही ऋण उरते?

न्हावा-शेवा परिसरात राहणाऱ्याला हा प्रश्न दूरचा नाही. समोरच खाडीत घारापुरी बेट दिसते. २०१८ साली वाढवलेल्या दरांनुसार तेथील लेण्यांचे तिकीट भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी नागरिकाला ६०० रुपये. मात्र पासपोर्ट परदेशी असला तरी ज्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्याला भारतीयाचाच दर लागतो. म्हणजे सरकार त्याला सांगते, 'तू आमचाच आहेस.' हा केवळ पैशांचा फायदा नाही. जो घरचा म्हणून आत येतो, त्याच्याकडून घरच्यासारखे वागण्याची अपेक्षाही असते.

घारापुरीवर पाहुणे शेकडो वर्षे येत आहेत आणि सगळेच चांगले वागले असे नाही. त्या भव्य त्रिमूर्तीच्या लेण्यात एक शिलालेख होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो वाचून घेण्यासाठी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो तिकडेच हरवला, असे दियोगु दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराने नोंदवले आहे. त्यामुळे ही लेणी नेमकी कोणी खोदवली हे आज विद्वानांना तर्कानेच सांगावे लागते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिले, तो हत्ती इंग्रजांच्या काळात विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला. उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. शिलालेख नेणारे आपल्याच धर्माचे होते, हे आपण ख्रिस्ती माणसांनी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. दुसऱ्याच्या श्रद्धेची जागा ही आपल्या कुतूहलाची मालमत्ता नव्हे.

आता कोणी दगड उचलून नेत नाही. पण न पाहताही माणूस पुष्कळ काही हिरावून घेऊ शकतो. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. युनेस्कोने १९८७ साली लेण्यांना जागतिक वारसा जाहीर केले. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून या गावांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये! तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर आणि नंतर अंधार. मधल्या ३१ वर्षांत जगभरचे लाखो लोक तिथे आले, पायऱ्या चढले, फोटो काढले आणि दिवस मावळायच्या आत लाँचने परत गेले. बेटावर अंधार पडतो हे बहुतेकांना कळलेच नाही, कारण अंधार पडेपर्यंत कोणी थांबत नव्हते.

यावर कोणी म्हणेल, 'वीज देणे सरकारचे काम. मी चार तासांचा पाहुणा, मी काय करणार? शिवाय आमच्या येण्यानेच त्यांच्या दुकानांना आणि लाँचवाल्यांना रोजगार मिळतो.' हे म्हणणे खोटे नाही. पर्यटकाने प्रत्येक गावाचा प्रश्न सोडवावा असे कोणी म्हणत नाही. पण सोडवणे वेगळे आणि पाहणे वेगळे. जो पाहायलाच निघाला आहे त्याने निदान पाहण्याचे काम तरी पुरते करावे.

प्राचीन ग्रीक लोकांत एक सुंदर प्रथा होती. ऑलिम्पिया, डेल्फी अशा ठिकाणचे उत्सव पाहायला नगरे आपला एक प्रतिनिधी पाठवीत. त्याला 'थेओरोस' म्हणत आणि त्याच्या पाहण्याला 'थेओरिया'. आजचा 'थिअरी' हा शब्द त्यातूनच आला. तत्त्वज्ञांनी पुढे हाच शब्द सत्याच्या चिंतनासाठी वापरला. हा प्रतिनिधी परत येऊन काय पाहिले ते आपल्या नगराला सांगत असे. म्हणजे पाहणे ही त्याची खासगी करमणूक नव्हती, ती साक्ष होती. स्वतंत्रपणे फिरणाऱ्याला टूरचे वेळापत्रक नसते. ही सवलत त्याला मिळते ती लवकर परतण्यासाठी नव्हे, तर हवे तिथे थांबता यावे म्हणून.

मार्कच्या शुभवर्तमानात दोन प्रसंग एकमेकांना लागून येतात. येशू मंदिरातील दानपेटीसमोर बसून एका गरीब विधवेला दोन नाणी टाकताना पाहतो. लगेच मंदिराबाहेर पडताना एक शिष्य त्याला तिथले प्रचंड दगड आणि इमारती दाखवू लागतो. दोघेही एकाच वारसास्थळी आले होते. शिष्याला दगड दिसले, प्रभूला बाई दिसली. दगड पाहू नयेत असा याचा अर्थ नाही, पण दगडांपाशीच नजर संपू नये.

आपल्याच किनाऱ्यावर असा एक पाहणारा येऊन गेला. १४७० च्या सुमारास रशियातील त्वेर नगराचा व्यापारी अफानासी निकितीन विकायला एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. वाटेत त्याला लुटले होते, धर्मग्रंथ गेले होते. त्यामुळे ईस्टर कधी येते हेही कळेना, याचे दुःख त्याच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते. जुन्नरच्या खानाने धर्म बदलावा म्हणून घोडा अडकवला, तेव्हा एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने रदबदली करून तो सोडवला. निकितीनने इथली माणसे काय नेसतात, काय खातात, कशी राहतात ते लिहून ठेवले. परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच तो मरण पावला, पण त्याची वही पोचली. आज इतिहासकार ती वाचतात, कारण त्याने माणसे पाहिली होती.

त्याच परिसरात कोर्लई आहे. किल्ला पाहायला पुष्कळजण जातात. पण पोर्तुगीज १७४० साली गेल्यानंतरही पायथ्याच्या गावातील कॅथोलिक कुटुंबांनी पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली आपली बोली घरात जपली. ते तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. ही भाषा किल्ल्याइतकाच मोठा वारसा आहे. पण एखाद्या आजीला 'दोन वाक्ये बोलून दाखवा' म्हणून कॅमेरा समोर धरणे म्हणजे तिलाच वस्तू करणे होय. आधी नाव विचारावे, ख्यालीखुशाली विचारावी, दोन घटका बसावे.

आणि शेवटी आपले शेवा. इथे तिकीट खिडकी नाही, फलक नाही. बंदरासाठी १९८० च्या दशकात शेवा कोळीवाड्यातील २५६ कुटुंबांना हलवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवले. तिथली घरे वाळवीने पोखरली, आणि योग्य पुनर्वसनासाठी त्या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. बंदर १९८९ साली सुरू झाले. २०२४ पासून अटल सेतूवरून माणूस शिवडीहून काही मिनिटांत इकडे येतो. खाली कोणाची मासेमारीची जागा होती, कोणाची मिठागरे होती, हे पुलावरून दिसत नाही.

म्हणून परदेशातून आलेल्या आपल्या मुलाबाळांना एवढेच सांगावेसे वाटते. घारापुरीला जरूर जा, पण एकदा तिथल्या गावातही जा. विकणाऱ्या मावशीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढू नका. आणि परत गेल्यावर तिकडच्या आपल्या मुलांना लेण्यांबरोबर शेव्याचीही गोष्ट सांगा. इथे राहणाऱ्यांनीही पाहुण्याला नुसता रस्ता दाखवून थांबू नये. जे फलकावर लिहिलेले नाही ते सांगायला घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी त्याला तासभर बसवावे. ती माणसे आहेत तोवरच हे करता येईल.

प्रभू आपल्या सर्वांना पाहणारे डोळे देवो.