पुसलेला गुन्हा आणि वैमानिकाचा अर्ज

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें अमेरिकेहून पत्र आलें. हे गृहस्थ मूळचे सांगलीकडचे; तीस वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त तिकडे गेले ते तिकडचेच झाले. प्रकृतीची व घरची विचारपूस नेहमींप्रमाणें होतीच. परंतु पत्राचें खरें कारण तिसऱ्या पानावर निघालें. त्यांच्या धाकट्या मुलानें वैमानिकाचें शिक्षण पुरें केलें आहे. मोठ्या विमान कंपनींत जाण्यास तिकडे सामान्यतः लागणारे उड्डाणाचे १५०० तास त्यानें लहान विमानांवर विद्यार्थ्यांना शिकवून भरून काढले, आणि आतां एका कंपनीचा अर्ज त्याच्यापुढें पडला आहे. त्यांत एक प्रश्न आहे : 'तुम्हांला आजवर कधीं अटक झाली होती काय?' पुढें दोन चौकोन, एक 'होय'चा व एक 'नाहीं'चा.

मुलगा १९ वर्षांचा असतांना दुसऱ्या एका संस्थानांतील कॉलेजांत शिकत होता. मित्राच्या घरून मध्यरात्रीं मोटार हांकीत परत येतांना पोलिसांनीं त्याला थांबविलें, श्वासाची परीक्षा घेतली आणि रात्रभर चौकींत बसविलें. कोणाला इजा झाली नव्हती. गाडीचा परवाना कांहीं महिने गेला, दंड झाला. पुढें वकिलानें रीतसर अर्ज करून न्यायालयाच्या दप्तरांतून ती नोंद पुसून घेतली. स्नेह्यांचा प्रश्न असा कीं, न्यायालयानें जें पुसलें तें मुलानें आपल्या हातानें पुन्हां कां लिहावें? पत्राखालीं त्यांच्या पत्नीनें दोन ओळी जोडल्या होत्या. 'भावजी, तुम्ही काय तें स्पष्ट लिहा. पोरगा चार रात्री झोपलेला नाहीं.'

असा प्रश्न मुलाला एकदां आधींहि पडला होता. अमेरिकेंत वैमानिकास वैद्यकीय दाखला लागतो, आणि त्यासाठीं फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या अर्जांत, नशेंत गाडी चालविल्याबद्दल आयुष्यांत कधीं अटक, शिक्षा किंवा परवान्यावर कारवाई झाली काय, असें विचारलेलें असतें. खोटें लिहिणाऱ्यास २,५०,००० डॉलरपर्यंत दंड व ५ वर्षांपर्यंत कैद, हा इशारा त्या अर्जाबरोबरच दिलेला असतो. शिवाय वैमानिकाचे दाखले जाऊं शकतात तें वेगळेंच. मुलाच्या शिक्षकानें दम भरला म्हणून म्हणा, त्या वेळीं त्यानें खरें लिहिलें. खात्यानें न्यायालयाचे कागद मागविले, डॉक्टरी अहवाल मागविला, कांहीं महिने त्याला तिष्ठत ठेवलें, आणि दाखला दिला. याच खात्याचा १९९० पासूनचा एक नियम आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. दाखला मिळाल्यानंतर नशेमुळें गाडीच्या परवान्यावर कारवाई झाली, तर वैमानिकानें ती ६० दिवसांच्या आंत लेखी कळविली पाहिजे. तसल्या एका प्रसंगानें विमानाचा परवाना सहसा जात नाहीं. तो प्रसंग न कळविल्यानें मात्र जाऊं शकतो.

स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, सरकारला सांगितलें तेवढें पुरे. कंपनी ही व्यापारी पेढी. ती काय धर्मपीठ आहे? कॅलिफोर्नियासारख्या संस्थानांत तर पुसलेल्या शिक्षेविषयीं मालकानें उमेदवारास विचारूंच नये, असा कायदा आहे. आणि शेंकडों अर्जांच्या ढिगांत ज्याच्यावर 'होय' दिसेल तो अर्ज माणसाच्या नजरेस पडण्यापूर्वींच यंत्र बाजूला काढील. सुट्टा सुट्टा घेतला तर यांतला एकहि मुद्दा आम्हांस खोटा म्हणवत नाहीं. पत्र वाचून झाल्यावर पहिल्या दिवशीं आम्ही त्यांच्याच बाजूचे होतों, हेंहि कबूल करतों.

मग न्यायालय पुसतें तें काय? तें घडलेली रात्र पुसत नाहीं; त्या रात्रीचें ओझें त्या माणसाच्या डोक्यावर यापुढें ठेवूं नये, एवढें राज्याला बजावतें. हा मोठा उपकार आहे, आणि १९ वर्षांच्या मुलाला तो मिळाला हें योग्यच झालें. परंतु आपल्यावर ओझें नाहीं म्हणणें आणि ती रात्र झालीच नाहीं म्हणणें, यांत अंतर आहे. एखादा प्रश्न विचारण्याचा दुसऱ्यास अधिकार नाहीं असें म्हणतां येईल. उत्तर देण्याचें नाकारतां येईल. पण तेवढ्यानें खोटें उत्तर देण्याचा अधिकार येत नाहीं. अडचण इतकीच कीं, अर्जांत नकाराला जागा नाहीं. दोन्ही चौकोन मोकळे ठेवले तर तो 'होय'च समजला जाईल. ज्याला गप्प बसण्याचा मार्ग ठेवलेला नाहीं त्याच्याकडून पूर्ण सत्याची अपेक्षा करणें, यांत विचारणाऱ्याचाहि कांहीं अन्याय आहे.

येथें इंग्लंडांतील १९७४ चा एक कायदा आठवतो. ठरावीक मुदत निर्वेध गेली कीं जुनी शिक्षा 'खर्ची पडली' असें तो मानतो, आणि पुढें कोणी शिक्षेविषयीं विचारलें तर तो प्रश्न त्या शिक्षेला लागूच नाहीं असें समजावें, असें सांगतो. अशा वेळीं 'नाहीं' म्हणणारा खोटें बोलतो काय? आमच्या मतें नाहीं; कारण प्रश्नाचा अर्थच कायद्यानें बदललेला आहे, आणि तो बदल विचारणारा व सांगणारा या दोघांसहि ठाऊक आहे. त्याच कायद्याला विश्वासाच्या कित्येक जागांपुरते अपवादहि आहेत. तेव्हां पाहावयाचें तें हें, कीं समोरचा आपल्या 'नाहीं'चा अर्थ काय घेईल. या मुलाच्या अर्जांत 'आजवर कधीं' असे शब्द आहेत. कंपनी त्याचा अर्थ 'कधींच नाहीं' असाच घेणार, आणि ती तसा घेईल हें मुलाला पक्कें ठाऊक आहे. येथें आमचें पहिल्या दिवशींचें मत डळमळलें.

दुसरें असें कीं, वैमानिकाचा धंदा आपली चूक आपण होऊन सांगण्यावर चालतो. अमेरिकेंत १९७६ पासून एक व्यवस्था आहे : उड्डाणांत अनवधानानें नियम मोडला तर वैमानिकानें तो १० दिवसांच्या आंत नासा या संस्थेस कळवावा; मग दोष ठरला तरी सामान्यतः त्याच्यावर दंडाची बजावणी होत नाहीं. हेतु हा कीं, एकाची चूक हजारांना वेळेवर कळावी. याच्या उलट, २०१९ च्या फेब्रुवारींत ॲटलास एअरचें मालवाहू विमान टेक्ससमध्यें कोसळून तिघे दगावले. त्याच्या सहवैमानिकानें पूर्वीच्या नोकऱ्यांतील शिक्षणांत आलेलें अपयश कंपनीपासून जाणूनबुजून लपविलें होतें, असें चौकशींत निघालें. तें अपयश गुन्हा नव्हता. त्यानें तें सांगितलें असतें तर कदाचित् नोकरी मिळाली नसती, कदाचित् अधिक शिक्षण मिळालें असतें. पण निवड करण्याची संधीच त्यानें कोणाला ठेवली नाहीं.

आम्ही स्नेह्यांना कॅप्टन लाइल प्राउस यांची हकीकत मुद्दाम लिहिली. १९९० च्या ८ मार्चला नॉर्थवेस्ट कंपनीचें विमान फार्गोहून मिनिॲपोलिसला नेतांना हे गृहस्थ व त्यांचे दोघे सहकारी नशेंत होते. आदल्या रात्रीं तिघेहि दारूच्या गुत्त्यांत बसले होते. विमान सुखरूप उतरलें. खालीं त्यांना अटक झाली. प्राउस यांची नोकरी गेली, परवाने गेले, १६ महिन्यांची शिक्षा झाली, आणि तिकडच्या वर्तमानपत्रांत त्यांची छी-थू झाली. तुरुंगांतून सुटल्यावर त्यांनीं सर्व परवाने आरंभापासून पुन्हां मिळविले. ज्या कंपनीनें हांकलून दिलें होतें तिनेंच १९९३ मध्यें त्यांना परत घेतलें. १९९८ सालीं साठाव्या वर्षीं ते ७४७ जातीच्या प्रचंड विमानाचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, आणि २००१ च्या जानेवारींत अध्यक्ष क्लिंटन यांनीं त्यांना क्षमा दिली. मुलाच्या चुकीपेक्षां ही चूक किती पटींनीं मोठी! तरी प्राउस यांना एक सोय होती जी या मुलाला नाहीं. त्यांची गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक होती. त्यामुळें झांकण्याचा मोहच त्यांच्या वाटेला आला नाहीं. त्यांना ओळखणारीं व त्यांच्यासाठीं शब्द टाकणारीं माणसेंहि होतीं. अनोळखी पोराच्या अर्जामागें कोण उभें राहणार? म्हणून या हकीकतीवरून 'खरें बोलणाऱ्याचें सदा भलें होतें' असें कोणी अनुमान काढूं लागला तर आम्ही त्याला अडवूं.

विचारणाऱ्याविषयींहि बोललें पाहिजे. २०२३ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, सैन्यांतून आलेल्या सुमारें ४,८०० वैमानिकांनीं अपंगत्वाचा भत्ता घेतांना सांगितलेले विकार विमान-खात्याला सांगितले नसल्याच्या संशयावरून चौकशी चालू आहे. त्यांतले फार थोडे उड्डाणाला खरोखर धोकादायक ठरले. इतक्या जणांनीं एकाच जागीं मौन धरलें, याचा दोष केवळ त्यांच्या शीलावर ढकलून मोकळें होतां येत नाहीं. खरें सांगितलें कीं महिनोन्महिने पोट बंद, हें ज्यानें शेजाऱ्याच्या घरीं पाहिलें आहे, तो आपल्या घरीं तेंच कशाला ओढवून घेईल? आमच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१६ मध्यें अवतार सिंग यांच्या खटल्यांत या बाबतींत समंजस धोरण आंखून दिलें आहे. उमेदवारानें अटक, खटला, शिक्षा यांविषयींची माहिती खरीच दिली पाहिजे. पण कोवळ्या वयांत घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब असेल तर ती लपविल्याबद्दलहि मालकानें तारतम्यानें क्षमा करावी. आणि जें स्पष्ट विचारलेंच नाहीं तें न सांगितल्याचा ठपका ठेवूं नये. म्हणजे बंधन दोन्हीकडे आहे.

छांदोग्य उपनिषदांतला सत्यकाम जाबाल आपल्या ओळखीचा आहे. तोहि एक उमेदवारच होता, आणि त्यालाहि असा प्रश्न आला कीं ज्याचें खरें उत्तर त्याला दारांतूनच परत पाठविण्यास पुरेसें होतें : तुझें गोत्र कोणतें? आईनें सांगितलें होतें तें त्यानें जसेंच्या तसें सांगितलें, कीं तरुणपणीं अनेकांच्या घरीं राबतांना तूं मला झालास, गोत्र मला ठाऊक नाहीं. आपण नेहमीं मुलाचें कौतुक करतों. आम्हांस यंदा प्रथमच वाटलें, कीं धैर्य आधीं त्या माउलीचें होतें. आणि उत्तर ऐकून घेण्याची लायकी असलेला गौतमासारखा गुरु समोर नसता, तर ही कथा कोणी सांगितलीहि नसती.

आम्ही मुलाला लिहिलें तें असें. 'होय'च्या चौकोनावर खूण कर. सोबत अर्धें पान जोड : काय घडलें, कोणत्या सालीं, न्यायालयानें काय केलें, सरकारी खात्याला तूं केव्हां कळविलेंस, त्यानंतर आजवर काय. मित्रांच्या संगतीचा उल्लेख करूं नकोस. पेला तूंच उचलला होतास. या कंपनीनें तुला घेतलें नाहीं तर आमच्या सल्ल्यानें तुझें नुकसान झालें असें होईल, आणि तें भरून देण्याचें आमच्या हातीं कांहीं नाहीं, हेंहि लक्षांत घेऊन काय तें ठरव.

अर्ज दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं 'होय' लिहून गेला. हें लिहीपर्यंत कंपनीचें उत्तर आलेलें नाहीं. स्नेह्यांचें आम्हांस पत्र येणें बंद झालें आहे. त्यांच्या पत्नीचें मधून मधून येतें. मुलगा पहांटे पांचला उठून विद्यार्थ्यांना शिकवावयास जातो, आणि रात्रीं झोपतो, असें तिनें मागल्या पत्रांत लिहिलें आहे.