एका अंशाचे पातक

मुंबईची थंडी हा मुंबईबाहेरच्या माणसाला विनोदाचा विषय वाटतो. पारा पंधराच्या खाली उतरला की आपण कपाटातले स्वेटर बाहेर काढतो, वर्तमानपत्रे ‘गारठा’ असा मथळा देतात आणि नाशिकहून आलेला पाहुणा गालातल्या गालात हसतो. तरीही या शहराच्या हिवाळ्याच्या नोंदी चाळून पाहिल्या, तर त्यांत हसण्याजोगे थोडे आणि विचार करण्याजोगे पुष्कळ सापडते.

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअस नोंदले गेले. त्याच दिवशी कुलाब्याचा आकडा ११.७ होता. एकाच शहरातला हा चार अंशांचा फरक मुख्यतः समुद्राने केला. पाण्याने वेढलेले कुलाबे रात्री फारसे निवत नाही. आतली उपनगरे निवतात. सांताक्रूझचा तो विक्रम आजतागायत मोडलेला नाही.

आता अलीकडची गोष्ट. ४ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे आगमनकाळाचा दुसरा रविवार यायच्या आधीच्या बुधवारी, सांताक्रूझला दुपारी ३७.३ अंश तापमान होते. डिसेंबरात एवढी उष्ण दुपार त्यापूर्वीच्या सोळा वर्षांत झाली नव्हती. पुदुच्चेरीजवळ ३० नोव्हेंबरला किनाऱ्यावर आदळलेल्या ‘फेंगल’ चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे वारे पूर्वेकडून, जमिनीवरून वाहत होते आणि समुद्रावरचा वारा अडून राहिला होता. मग वारे उत्तरेकडून वाहू लागले, आणि रविवार उलटताच सोमवारी, ९ डिसेंबरला, पहाटे पारा १३.७ वर आला. नऊ वर्षांतला तो डिसेंबरमधला नीचांक ठरला.

या दोहोंपैकी आपल्या स्मरणात राहते ती थंडगार पहाट, कारण ती सुखाची असते. गव्हाणीवर कापसाचा बर्फ पसरणाऱ्या आपल्या मनाला थंडीशिवाय नाताळ पुरा वाटतच नाही! परंतु विक्रम हा एका दिवसाचा असतो आणि कल कोणत्याच एका दिवसाचा नसतो. १९०१ पासूनच्या नोंदींत भारताचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले ते हेच २०२४. १९९१ ते २०२० या काळातील सरासरीपेक्षा ०.६५ अंशांनी अधिक. ९ डिसेंबरची पहाट खरी होती, परंतु तिची साक्ष अपुरी होती.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. अंश-अर्ध्या अंशाची ही वाढ कोणाचे पातक? प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी ‘मी हवा तापवली’ असे आजवर कोणी सांगितले असेल, असे वाटत नाही. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार मारक पापाला गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि मनाची संमती, या तिन्ही गोष्टी लागतात. स्कूटर सुरू करणाऱ्याने अथवा फ्रिज लावणाऱ्याने कशाला संमती दिली? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात ‘पापाच्या संरचना’ ही कल्पना मांडली. पण या संरचनांचे मूळ व्यक्तींच्या पापांतच असते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. आपण यातला पहिला भाग उचलतो आणि दुसरा सोयीस्करपणे सोडून देतो. दोष सर्वांचा म्हटला की तो कोणाचाच उरत नाही.

मला वाटते, या कोड्याचे उत्तर जगाच्या नकाशावर शोधण्यापेक्षा साकीनाक्याच्या गल्लीत शोधावे. सांताक्रूझचा तापमापक साकीनाक्यापासून दूर नाही, मध्ये विमानतळ काय तो आहे. मात्र तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवलेला असतो. खैरानी रोडच्या गाळ्यांतला कामगार तसा राहत नाही. खाली यंत्र, वर पोटमाळा, त्यावर पत्रा. दिवसभर तापलेला पत्रा आतल्या माणसावर आग ओकतो आणि भोवतालचे काँक्रीट रात्रीही उष्णता सोडत राहते. ३७.३ हा आकडा त्या पोटमाळ्याचा नव्हेच. अशा जागांत माणसे राहतात, हे शहराला एरवी आठवत नाही. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे याच रस्त्यावरील एका फरसाणाच्या दुकानाला आग लागून बारा कामगार मरण पावले, तेव्हा ते चार दिवस आठवले.

आणि याच गल्लीत आपली वातानुकूलन यंत्रे आहेत. हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते, वर स्वतःची भर घालते. दहा फुटी गल्लीत ‘बाहेर’ म्हणजे समोरच्याची खिडकी. येथे कर्ता अज्ञात नाही, पीडितही दूरदेशी नाही. दम्याने बेजार झालेल्या वृद्ध आईसाठी यंत्र लावणाऱ्याला मी दोषी म्हणणार नाही. तरीही तो समोरच्याचा देणेकरी होतोच. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण’ असाच शब्द आहे, आणि या प्रकरणाला तो ‘पाप’ या शब्दापेक्षा अधिक चपखल बसतो. पापाबद्दल वाद घालता येतो; ऋण फेडावे लागते.

संत मार्टिनने थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपल्या अंगरख्याचा अर्धा भाग कापून दिला. आपल्या हवेत त्या अंगरख्याची जागा सावलीने घेतली आहे. मरोळ-कोंडिवट्याच्या जुन्या गावठाणांत कौलारू घरे, पडव्या आणि आंब्याची झाडे होती. त्यांची सावली वाटसरूलाही मिळे. घर पाडून इमारत उभी करताना अंगणातला आंबा राखायचा की आणखी दोन गाड्यांची जागा काढायची, हा अर्ध्या अंगरख्याचाच प्रश्न आहे, आणि तो वास्तुविशारदावर सोपवून मोकळे होता येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, राखेच्या बुधवारच्या आठवडाभर आधी, मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला. उपवासकाळात आपण काय सोडावे याची चर्चा घरोघर होते. धर्मग्रामाचे सभागृह दुपारी बारा ते चार पाथरवटांसाठी, हमालांसाठी, रिक्षावाल्यांसाठी उघडे ठेवून तेथे पाण्याचा माठ भरून ठेवण्याची चर्चा क्वचितच होते. शेजारच्या गाळ्याच्या पत्र्यावर पांढरा चुना फासला, तर आतला उकाडा कमी होतो. हे काम जानेवारीतच उरकावे. पुढे दुपारच्या वेळी पत्र्यावर पाऊल ठेववत नाही.