द्रोणागिरी आणि चार मिनिटे



सौंसरजवळ जामसावळी येथे मारुतिराय पहुडलेल्या मुद्रेत विराजमान आहेत. पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांतील, ज्यांचा मिळून २०२३ साली निराळा जिल्हा झाला, किती कुटुंबे शनिवारी तेथे दर्शनास जातात हे आपण जाणतोच. त्या मारुतिरायांच्या द्रोणागिरीच्या कथेत आम्हांस आजवर केवळ पराक्रम दिसत असे. सुषेण वैद्याने वनस्पतींची नावे सांगितली. परंतु पर्वतावर पोहोचल्यावर मारुतीला त्या ओळखता येईनात. तेवढ्यावरून तो रिकाम्या हाताने परतला नाही. त्याने शिखरच उचलले आणि ओळखण्याचे काम वैद्यावर सोपविले.

आपल्या डोळ्यांदेखत कोणी एकाएकी कोसळतो, तेव्हा आपण काय करितो? भोवती कोंडाळे करितो, कांदा हुंगवितो, तोंडात पाणी घालितो. पुष्कळदा अशा वेळी हृदय नुसते थरथरत असते, रक्त पुढे ढकलीत नाही. चार-पाच मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. काहीच उपचार न झाल्यास दर मिनिटास वाचण्याची आशा शेकडा सात ते दहांनी उणावते. नागपूर पांढुर्ण्याहून सुमारे शंभर किलोमीटर. १०८ ची गाडी कितीही धावली तरी चार मिनिटांत येणे कठीण.

ती थरथर थांबविणारा विजेचा झटका देण्याचे यंत्र, डिफिब्रिलेटर, आता लहानशा पेटीत मिळते. छातीवर दोन पट्ट्या चिकटवाव्या. पुढे काय करावयाचे ते यंत्रच बोलून सांगते. झटक्याची गरज आहे की नाही हे तेच पारखते, नसेल तर झटका देत नाही. वनस्पती ओळखणारा वैद्य जणू पेटीतच बसविलेला आहे! आपल्याकडे मागितले जाते ते केवळ मारुतीचे धावणे. पेटी येईपर्यंत छातीच्या मध्यभागी, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, जोराने दाबीत राहावे.

अमेरिकेतील जुगारगृहांत पहारेकऱ्यांना हे शिकविले गेले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्यांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला त्यांपैकी शेकडा ७४ वाचले. द्यूत खेळणाऱ्यांची एवढी काळजी, आणि देवदर्शनास आलेल्यांची? हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

गोटमारीच्या दिवशी जाम नदीकाठी डॉक्टर व रुग्णवाहिका सज्ज असतात, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त सांडणार हे सर्वांस ठाऊक असते. हृदय मात्र पंचांग पाहून थांबत नाही. ते संत्र्यांच्या बाजारात थांबेल, रेल्वे फलाटावर, कारखान्यात किंवा आपल्याच सभामंडपात आरतीच्या वेळी.

म्हणून आमची विनंती अशी की, देवाच्या नव्या चांदीच्या प्रभावळीपूर्वी ही पेटी मंदिरात यावी, आणि ज्यांचे कारखाने वा दुकाने आहेत त्यांनी आपापल्या जागीही तिचा विचार करावा. पुजारी, सेवेकरी व तरुण मुलेमुली यांनी डॉक्टरांकडून ती चालविण्यास शिकावे. सुनांनाही वगळू नये, दुपारी मंदिरात बहुधा त्याच असतात. पट्ट्या व विजेरी यांना मुदत असते, तेव्हा काकड आरतीनंतर पेटीवरील दिवा रोज पाहावा. आणि ती कुलपात ठेवून किल्ली विश्वस्तांच्या घरी राहू नये. ती सभामंडपाच्या दाराशी, घंटेजवळ, सर्वांच्या हातास येईल अशी टांगावी.