न्यायासन आणि फलासक्ती

न्यायदान हे धर्मरक्षणाचे एक प्रमुख अंग आहे, याविषयी आपल्या स्मृतिकारांचे ऐकमत्य आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ऋणादानापासून द्यूतापर्यंत अठरा विवादपदांचा विचार आला असून, त्याच्या आरंभीच सभासदांना गंभीर इशारा दिलेला आहे. अधर्माच्या बाणाने विद्ध झालेला धर्म सभेत येतो. सभासदांनी त्याचे शल्य काढले नाही, तर ते त्यांनाच रुतते. अन्याय्य निर्णयाचे पाप मनूने चार भागांत वाटले आहे. एक भाग मूळ अपराध करणाऱ्याचा, दुसरा साक्षीदाराचा, तिसरा सभासदांचा आणि चौथा राजाचा. याज्ञवल्क्याने तर लौकिक शिक्षाही सांगितली. राग, लोभ किंवा भय यांच्या आहारी जाऊन शास्त्राविरुद्ध निर्णय देणाऱ्या प्रत्येक सभासदाला, त्या वादात हरणाऱ्यास जो दंड होईल त्याच्या दुप्पट दंड करावा, असे त्याचे मत आहे.

येथे राग म्हणजे संताप नसून आसक्ती होय. राग, लोभ आणि भय हे तिन्ही दोष गीतेच्या अभ्यासकाला परिचित आहेत. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत राग आणि भय यांचा अभाव सांगितला आहे, तर सोळाव्या अध्यायात लोभाची गणना नरकाच्या तीन द्वारांत केली आहे. म्हणजे जे दोष साधकाच्या मार्गात आडवे येतात, तेच न्यायासनावर बसणाऱ्याच्याही मार्गात येतात. त्यांचे स्वरूप एकेका उदाहरणाने पाहू.

रागाचे उदाहरण महाभारतात आहे. द्रौपदीच्या प्रश्नापुढे कौरवसभा मौन धरून बसली, तेव्हा विदुराने प्रह्लादाची कथा सांगितली. प्रह्लादपुत्र विरोचन आणि अंगिरसाचा पुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद होऊन दोघांनी प्राण पणाला लावले होते. निर्णय प्रह्लादाकडे आला. एका पारड्यात सत्य व दुसऱ्यात पुत्राचा प्राण होता. प्रह्लादाने सुधन्वा श्रेष्ठ असल्याचे सांगितले. पुत्रस्नेहाने धर्म सोडला नाही, म्हणून संतुष्ट झालेल्या सुधन्व्याने विरोचनाचा प्राण परत दिला. परंतु निर्णय देताना प्रह्लादाला ही आशा नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

भयाचे उदाहरण पेशवाईतील आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून खुद्द रघुनाथरावांनाच दोषी ठरविले, देहान्तावाचून या पापाला प्रायश्चित्त नाही असे सांगितले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. ज्याच्या हाती आपले पद आणि जीवित, त्याच्याच विरुद्ध तो निर्णय होता.

लोभाचे स्वरूप मात्र अधिक सूक्ष्म आहे. सोन्याची थैली नाकारणारे पुष्कळ भेटतील, परंतु उद्या मिळणाऱ्या मानाची आशा नाकारणे कठीण. आणीबाणीच्या काळात, खटल्यावाचून स्थानबद्ध केलेल्या नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी नकारार्थी उत्तर दिले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. ज्येष्ठतेच्या क्रमाने सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यावयाचे होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाची नेमणूक झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. इतरांच्या अंतःकरणात काय होते, हे ईश्वर जाणे, त्याचा निवाडा करण्याचे कारण नाही. खन्ना यांनी फळावरची दृष्टी काढून घेतली, एवढे मात्र स्पष्ट दिसते. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरविला.

येथे कोणी शंका घेईल की, दोष जर मनाचा आहे, तर कायद्याच्या बंधनांचा उपयोग काय? उपयोग निःसंशय आहे. राज्यघटनेने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन संचित निधीवर भारित केले आहे, ते संसदेच्या मतदानावर अवलंबून नाही. गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाल्यावर, दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मागणी केल्याविना त्यांना पदावरून दूर करता येत नाही. निवृत्तीनंतर त्यांना देशातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. ही तटबंदी भयाला पुष्कळ अंशी बाहेर ठेवते. परंतु आशेला ती पूर्णपणे अडवू शकत नाही. निवृत्तीनंतर शासनाने दिलेले अन्य पद स्वीकारण्यास घटनेने सरसकट मनाई केलेली नाही. जेथे नियम संपतो, तेथे फलत्यागाचे काम सुरू होते. म्हणून नियम आणखी दृढ करावेत आणि न्यायाधीशाने अंतःकरणही शुद्ध ठेवावे. यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

आता गृहस्थाचा विचार केला पाहिजे, कारण लाच घेणाऱ्याच्या समोर देणारा उभा असतो. वडिलार्जित शेताचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो, प्रतिपक्ष पैसे चारतो अशी वार्ता येते, कचेरीतला कारकून सूचकपणे बोलतो. तेव्हा सज्जन मनुष्यही म्हणतो, ‘हक्क आमचाच आहे, तो मिळविण्यासाठी चार पैसे दिले तर पाप कसले?’ प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण घरातील मुलाबाळांची भाकरी त्यावर अवलंबून असते. परंतु विकत घेतलेला न्याय हा अधिक किंमत देणाऱ्याचा माल होतो. आज आपण जी वाट पाडली, तिच्यावरून उद्या आपल्याहून धनवान मनुष्य येतो आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्या विधवेला ती वाट बंदच असते. कायद्यानेही २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणे हा स्वतंत्र अपराध ठरविला असून, बळजबरीने द्यावी लागल्यास सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळविणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

मग गृहस्थाने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. कागदपत्रे नीट ठेवावीत, खरी साक्ष द्यावी, वरच्या न्यायालयात दाद मागावी, लाच मागणाऱ्याची तक्रार करावी. हा सर्व कर्माचा भाग असून त्यात आळस करणे हाही अधर्मच. न्यायाधीशाची ओळख शोधणे, पुढाऱ्याची चिठ्ठी आणणे आणि शेजाऱ्यासाठी खोटी साक्ष देणे, एवढे मात्र निश्चयाने टाळावे. असे वागूनही दावा हरण्याचा संभव आहे. गीतेने विजयाची हमी दिलेली नाही, जयपराजय समान मानून कर्तव्य करण्यास सांगितले आहे. न्यायाधीशाकडून आपण जी निःस्पृहता अपेक्षितो, तीच आपला दावा उभा असताना आपल्याही अंगी असावी, यासाठी प्रत्येक गृहस्थाने भगवंताजवळ बळ मागावे.