उंबरठ्याआतले शून्य

"गेल्या वर्षात तुम्ही डॉक्टरकडे किती वेळा गेलात?" असे विचारले, तर कुणी तीन म्हणेल, कुणी पाच म्हणेल. एखादी गृहिणी मात्र ताठ मानेने सांगेल, "एकदाही नाही!" ऐकणाराही म्हणतो, वा, प्रकृती असावी तर अशी! परंतु शून्य हा आकडा दिसतो तितका भोळा नसतो.

अशा मोजणीचे गणित जुने आहे. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली त्याचे सूत्र मांडले. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची सरासरी ठाऊक असली, की ती किती जणांच्या वाट्याला एकदा येईल, किती जणांच्या दोनदा आणि किती जणांच्या मुळीच येणार नाही, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. १८९८ साली बोर्टकिएविच याने प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांच्या नोंदी या सूत्राशी ताडून पाहिल्या. त्या बऱ्याच जुळल्या. जुळणारच! लाथ कुणाची परवानगी मागत नाही की घरखर्चाचा हिशेब पाहत नाही.

दवाखान्याच्या वाटेचे तसे नाही. तिथल्या नोंदींत सूत्राच्या अपेक्षेहून शून्ये बहुधा अधिक निघतात. या जादा शून्यांचा उलगडा व्हावा म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. माणसाने मुळात अडथळा ओलांडला काय, हा पहिला. ओलांडल्यावर तो किती वेळा गेला, हा दुसरा. जॉन मुलाही यांनी १९८६ साली मांडलेली ही रीत पुढे डॉक्टरांच्या भेटी मोजायलाही वापरली गेली. मराठीत त्या अडथळ्याला मी उंबरठा म्हणेन. दुसऱ्या तुकड्यात डॉक्टरांचाही हात असतो, कारण "आठ दिवसांनी पुन्हा या" असे तेच सांगतात. पहिला तुकडा मात्र सर्वस्वी घराचा. पैसे कुणाच्या हाती, सोबत कोण जाणार, चुलीपाशी कोण उभे राहणार, आणि हे दुखणे सांगण्याजोगे आहे काय, हे सारे तिथेच ठरते.

त्या शून्यामागे काय दडलेले असते, हे आपल्या गडचिरोलीने दाखवले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्याचा वृत्तांत १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचे एक ना एक दुखणे होते. अशी तपासणी त्यापूर्वी कधी झालेल्या बाया शंभरात अवघ्या ८! कुणी नुसती दवाखान्याची वही चाळली असती, तर या गावांत बायकांना काही दुखतच नाही, असेच त्याला वाटले असते.

मग न सांगितलेले दुःख हे नसलेले दुःख मानावे काय? "तिने सांगितले नाही, आम्हांला कसे कळणार?" हा बचाव वरवर रास्त दिसतो. पण आपण लहानपणापासून मुलीच्या सोसण्याचे कौतुक करतो, आणि त्या कौतुकानेच उंबरठा बोटबोट उंच होत जातो. आपणच उंच केलेल्या उंबरठ्याआड ती गप्प राहिली, तर त्या मौनाला तिची संमती कशी म्हणावी?

याचा अर्थ प्रत्येक शून्यामागे दुःखच असते, असा नव्हे. ठणठणीत बाईला उगाच दवाखान्यात ओढून नेण्यात शहाणपण नाही. पण शंभर शून्यांतली साधारण किती निरोगी आणि किती मुकी, एवढाच अंदाज सूत्र देऊ शकेल. आपल्या घरातले शून्य कोणते, हे त्याला सांगता येणार नाही. ते घरच्यांनीच विचारायचे असते.

आणि विचारायचे, ते "बरी आहेस ना?" असे नव्हे. त्या 'ना'मध्ये आपल्याला हवे ते उत्तर आपणच आधी घालून ठेवलेले असते. "काय दुखते?" असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलू नये.